ठरावाआधीचा एक दिवस

पहाटे पावणेपाच

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तिथल्या घड्याळात सकाळचे सव्वाआठ वाजले होते. आजच्या आपल्या घड्याळाने ती वेळ पहाटे पावणेपाचची, म्हणजे माझी रोजची उठायची. आज त्याला ऐंशी वर्षं झाली. संघटनेच्या एका शिबिरात मी हे पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या दिवशी त्या शहरात १,७८० परिचारिका होत्या. त्यांतल्या १,६५४ मेल्या किंवा काम करता येणार नाही इतक्या जखमी झाल्या. मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. आकडे माझ्या कानावर रोज पडतात आणि रोज मी ते रजिस्टरात भरते. पण हा आकडा मनातून गेला नाही. भाजलेली माणसं ज्यांच्याकडे धावत गेली असती, त्याच बाया उरल्या नव्हत्या.

पाणी भरून झालं की भाकरी आणि मटकी. धाकट्या दिरांना पहिली पाळी आहे. ते वालचंदनगरला कारखान्यात आहेत, आमच्या अंथुर्ण्याहून जंक्शन गावाला वळलं की पुढे. तिथे घडलेले भाग चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटला लागले तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. तिथेच नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्सही बनतात.

डबा उचलताना ते म्हणाले, "वहिनी, युद्ध नको म्हणून तुम्ही सह्या घेताय. या डब्यातली भाकरी कुठून येते, तेवढं बघा."

ते टोचून बोलत नाहीत, त्यांना खरंच प्रश्न पडलाय. मी म्हटलं, "तिकडूनच येते, भाऊजी. ते मी नाकारत नाही." त्याच वालचंदनगरात साखर कारखान्यांची आणि सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रं घडत आली आहेत. कसब कामगाराच्या हातात असतं. त्यातून काय घडवायचं हे वर ठरतं. त्या ठरवण्यात खालच्या माणसाचाही आवाज असावा, एवढंच माझं म्हणणं आहे. ते काही बोलले नाहीत, पण निघताना सह्यांच्या कागदाचं एक पान वाचून गेले.

साडेसात

पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, लोहाच्या गोळ्या, ओआरएस, रजिस्टर. वरच्या कप्प्यात सह्यांचे कागद. कालव्याकडेच्या वस्तीवर जायचं आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा सगळा पट्टा उभा आहे, आणि सध्या आडसाली लागणीची घाई आहे. बाया साडेआठच्या आत रानात गेल्या की संध्याकाळपर्यंत भेटत नाहीत.

एका घरी सात दिवसांचं बाळ. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायांना शिकवून बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं आणि पुढे ती देशभरच्या आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. सगळ्या पूर्ण झाल्या की २५० रुपये.

हात धुतले. बाळ झोळीत घालून काटा वर धरला. तिसऱ्या दिवशी थोडं उतरलेलं वजन आज परत चढलं होतं. काखेत थर्मामीटर. मग छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त असले तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तसेच असले तर लगेच दवाखाना. ते एक मिनिट घरात सगळे गप्प बसतात. आज श्वास ठीक होते.

आजी म्हणाल्या, "आशाताई, मधाचं बोट चाटवलं तर काय हुतंय? आमी समद्यास्नी दिलं."

स्तनपान सप्ताह चालू आहे, १ ते ७ ऑगस्ट. पण सप्ताह नसता तरी सांगितलंच असतं. सहा महिने आईचं दूध, मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. आजींना पटलं की नाही ते चौदाव्या दिवशी कळेल. सुनेने माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढं आज पुरे.

साडेदहा

अंगणवाडीत सप्ताहाची बैठक. सेविकाताई आणि मी मिळून घेतो. पंधरा-वीस आया, मांडीवर पोरं. बाळाला छातीशी कसं धरायचं हे एका नव्या आईला सगळ्यांसमोर दाखवून झालं. मग मी म्हटलं, "दोन मिनिटं अजून बसा." हिरोशिमातल्या परिचारिकांचं सांगितलं, आणि गाझाचंही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या अल-शिफा दवाखान्यात दिवस पुरे न होता जन्मलेली बाळं होती. वीज गेल्याने काचेच्या पेट्या बंद पडल्या. शेवटी ३१ बाळांना तिथून हलवावं लागलं.

एका आईने विचारलं, "पेटीतनं काढल्यावर ऊब कशी देत्यात?" मी कांगारू पद्धत सांगितली, आईच्या उघड्या छातीला बाळ लावून वरून गुंडाळायचं. मग ती म्हणाली, "आन् आईच नसली तर?" मला उत्तर देता आलं नाही.

सेविकाताईंचा आणि माझा लढा एकाच मापाचा. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे येत्या गांधीजयंतीला पन्नास वर्षं होतील. पन्नास वर्षांनंतरही सेविका 'मानसेवी', आणि आम्ही आशा 'स्वयंसेविका'. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली, ती अजून कागदावरच आहे. ताई डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संपावर होत्या. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये उतरलो आणि फेब्रुवारीत आझाद मैदानावर जाऊन बसलो. रात्री प्लास्टिकच्या कागदावर झोपायचं, सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचं. १ मार्चला उठलो, आणि १४ मार्चला महिन्याला ५,००० रुपये वाढीचा शासन निर्णय निघाला. तो कोणी आपणहून दिलेला नाही, हे नव्या आशांना मी दर बैठकीला सांगते.

दुपारी एक

घरी येऊन जेवण. मोबाइलवर आशांच्या गटातले निरोप. केंद्राने नेहमीच्या कामांचा मोबदला २,००० वरून ३,५०० केल्याचं आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी लोकसभेत सांगितलं, ती बातमी अजून फिरते आहे. खाली सगळ्यांचा एकच सवाल: हातात कधी?

दुसरा निरोप मीच टाकला होता, त्यावर वाद पेटलाय. गाझातल्या संहाराविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शनं करायला पोलिसांनी परवानगी नाकारली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला, तर २५ जुलैला न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली. आपल्याच देशात कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे प्रश्न पडलेले असताना तुम्ही हजारो मैलांवरचं काय बघता, असा त्यांचा सूर होता. गटातल्या एकीने लिहिलं, बरोबरच आहे की, आधी आपलं बघा.

मी शांतपणे लिहिलं: गटार कोण बघतं? डेंग्यूच्या दिवसांत टायरात आणि रांजणात अळ्या शोधत दारोदार कोण हिंडतं? आपणच. घरचं बघणाऱ्या बाईने दूरचं बघू नये हा नियम कुठला? ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसं गेली, त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हाही आपण रडलो आणि निवेदनं दिली. नांदेड आणि गाझा एक नाही, मला ठाऊक आहे. एकीकडे मारायचं म्हणून मारलं जातं, दुसरीकडे माणसं आणि औषधं पुरी पडत नाहीत. पण जिचं बाळ गेलं तिच्या दारात उभं राहायचं काम दोन्हीकडे आपल्यासारखीचंच असतं.

वहीत दोन आकडे लिहून ठेवलेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६,८१,२१० कोटी. आरोग्य मंत्रालयाला एक लाख कोटींहून थोडे कमी. सीमा राखायला पैसा लागतो, ते मला मान्य आहे. पण नर्सची जागा भरायला पैसा नाही असं कोणी सांगितलं की मी हे पान उघडते.

तीन

सह्यांची वेळ. १५ ऑगस्टची ग्रामसभा, आणि तिच्याआधी महिलांची सभा. कायद्याने महिला सभा घ्यावी लागते, पण आम्ही बाया जमलो नाही तर ती रजिस्टरातच होऊन जाते. म्हणून या वेळी वाडीवाडीवर सांगत चाललोय. मागण्या तीन. पट कमी आहे म्हणून वस्तीवरची एकही शाळा बंद करू नये. उपकेंद्रांतल्या रिकाम्या जागा कायमच्या माणसांनी भराव्यात. आणि तिसरी, देशादेशांतले वाद बोलणी करून मिटवावेत, अणुबॉम्ब कोणी कोणावर टाकू नये, दवाखाने आणि शाळांवर हल्ले होऊ नयेत, असं आमच्या गावाचं म्हणणं नोंदवावं.

पहिल्या मागणीवर सह्या झटकन मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं निघालं, तेव्हापासून वस्त्यांवर धास्ती आहे. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे नेमलेला शिक्षकच राहत नाही. शहरातल्या माणसाला वाटेल, दोन किलोमीटर पुढच्या शाळेत जावं. पण इथे ते दोन किलोमीटर उसातून जातात, आणि ऑक्टोबरनंतर त्याच रस्त्याला ऊस भरलेले ट्रॅक्टर लागतात. सहा वर्षांच्या पोरीला तिथून एकटी कोण धाडेल? आधी तिची शाळा सुटते, मग काही वर्षांत तिचं लग्न ठरतं, आणि अठराच्या आत तिची नोंद गरोदर मातांच्या रजिस्टरात करायची पाळी माझ्यावर येते. शाळा बंद होण्याचा हिशेब शिक्षण खात्यात मांडतात, पण त्याची उरलेली बाकी माझ्या वहीत येते.

तिसऱ्या मागणीवर मात्र माणसं थबकतात.

एका घरी मुलगा सैन्यात आहे. मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झालं त्या दिवसांत या काकूंनी टीव्ही बंदच केला नव्हता. मी रोज जाऊन त्यांचा रक्तदाब बघत होते. गोळी चालू असूनही वरचा आकडा खाली येत नव्हता. चौथ्या दिवशी, १० मे रोजी, गोळीबार थांबला आणि मुलाचा फोन आला, तेव्हा त्या उंबऱ्यावरच बसल्या होत्या.

मला वाटलं होतं, त्या सगळ्यांत आधी सही करतील. त्यांनी कागद पुरा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"आशाताई, माझ्या पोराच्या अंगावर वर्दी हाय. मी यावर सही केली आन् कुनी वर कळवलं, तर त्येला काय हुईल?"

मी आग्रह केला नाही. भीती खरी असली की ती युक्तिवादाने जात नाही, आणि धीर द्यायला माझ्याकडे कुठला शब्द होता? मी रक्तदाब मोजला आणि निघाले. दारापर्यंत त्या आल्या. म्हणाल्या, "त्यो अग्निवीर हाय. चार वर्सांनी घरी येनार. त्येचं काय, त्ये लिव्हलंय का तुमच्या कागदात?"

लिहिलं नव्हतं.

साडेपाच

शाळेच्या ओट्यावर गुरुजी भेटले. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं उरकून शिकवायचं. त्यांनी सही केली नाही, नोकरीत आहेत म्हणून. पण पटाचे आकडे तोंडपाठ सांगितले आणि ठरावात नेमके शब्द कसे असावेत तेही सांगितलं. "बंद करू नये" एवढ्यावर थांबू नका, "शिक्षकासह चालू ठेवावी" असं लिहा, म्हणाले. हा सल्ला सोन्याचा आहे. कुलूप न लावताही शाळा बंद पडते.

सात

बचत गटाची बैठक. हप्ते जमा झाले, एकीने शेळीसाठी कर्ज मागितलं, ते मंजूर झालं. मग ठराव.

तिसरी मागणी काढून टाका, असं दोघींचं म्हणणं. ग्रामपंचायत रस्ते, पाणी, दिवे बघते. तिने युद्धाचं बोलून काय होणार? मी शिबिरात ऐकलेलं सांगितलं. दुसरं महायुद्ध सुरू होऊन महिना झाला होता. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईच्या ९०,००० कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवस काम बंद ठेवलं. ही माणसं रत्नागिरी-साताऱ्याकडची, चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा राहणारी. त्यांनी काही ते युद्ध थांबवलं नाही. पण युद्धाने धान्य महागलं तेव्हा, पुढच्याच मार्चमध्ये, पावणेदोन लाख गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी उभे राहिले. युद्ध आणि आपलं पीठ-मीठ एकाच पैशाने चालतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. त्याच १९४० साली १७ ऑक्टोबरला विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारला एकटे उभे राहिले आणि या युद्धाला मदत करू नका म्हणाले. तेही एक गावच होतं, आणि आपल्या अंथुर्ण्यापेक्षा मोठं असेल असं मला वाटत नाही.

"आपल्या गावात तुकोबांची पालखी उतरती," मागून एक आजी म्हणाल्या. "हजारो मान्सं येत्यात, कुनाला जात-गाव इचारतो का आपन? भाकरी वाढतो. मग लांबच्या लेकरांसाठी एक वळ लिव्हाया काय हरकत हाय?"

यावर बोलणं चालू असतानाच सैनिकाच्या आई आल्या. कधी येत नाहीत, म्हणून सगळ्या सरकून बसल्या. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. मुलगा २०२३ मध्ये लागला, २०२७ ला चार वर्षं भरतील. शंभरातले पंचवीस ठेवतील, बाकीचे घरी. पेन्शन नाही. "दिसंबर-जानेवारीच्या थंडीत बर्फात उभा करायला चालतो, म्हातारपनी नगं?"

अक्षय गवते हे नाव मी बायांना सांगितलं. बुलढाणा जिल्ह्यातला पोरगा, ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला गेला. कर्तव्यावर असताना मरण आलेला हा अग्निवीर आपल्या महाराष्ट्राचा.

मग एक खरी अडचण उभी राहिली. युद्ध नको म्हणायचं आणि सैनिकांना कायम करा असंही म्हणायचं, हे एका कागदात कसं बसणार? मी बराच वेळ गप्प होते. उत्तर सेविकाताईंनी दिलं. म्हणाल्या, कंत्राटी नर्स, मानधनावरची सेविका, स्वयंसेवक आशा, तासावरचा शिक्षक आणि चार वर्षांचा जवान, हे सगळं एकाच ठिकाणी ठरतं. माणूस वापरायचा, पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही. ज्याला सैनिकाच्या पुढच्या तीस वर्षांचा खर्च उचलावा लागतो, तो त्याला युद्धात धाडायच्या आधी दहादा विचार करील. मला हे पटलं. सकाळपासून दिरांच्या प्रश्नाचं जे उत्तर मी शोधत होते, त्याचा निम्मा भाग इथे सापडला.

चौथी मागणी लिहिली: अग्निवीरांना कायम नोकरी आणि पेन्शन मिळावी. काकूंनी कागद पुन्हा मागून घेतला. सही केली नाही. पण महिला सभेत ही मागणी आपण तोंडाने मांडू, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. सहीपेक्षा हे अवघड आहे. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन विचार करा. त्या म्हणाल्या, केलाय.

साडेनऊ

भाऊजी पाळीवरून केव्हाच आलेत. त्यांनी मुलांकडून कोरा कागद आणि पट्टी मागून घेतली, आणि ठरावाची स्वच्छ प्रत तेच लिहायला बसले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, कारखान्यात नकाशे वाचून-लिहून हात बसलाय. तिसऱ्या मागणीपाशी थांबून म्हणाले, "अणुबॉम्ब कोणी कोणावर टाकू नये" याच्या पुढे "बनवू नये" लिहायचं का? मी म्हटलं, तुम्ही लिहीत असाल तर लिहा. त्यांनी लगेच लिहिलं नाही. तेवढी जागा मोकळी ठेवून पुढे गेले.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज उद्याच द्यायला हवा. सकाळी आठला एका गरोदर बाईला सोनोग्राफीसाठी बारामतीला न्यायचंय, परत यायला दुपार होईल. म्हणून ठरलं असं: सेविकाताई अंगणवाडी सुटल्यावर येतील, आजी येतील, काकूही येतील. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर. पोच हातात पडल्याशिवाय कोणी उठायचं नाही. झेरॉक्सचे पैसे गटाच्या खात्यातून द्यायचे की वर्गणी काढायची, यावर अजून फोन चालू आहेत.